विहिरीतला साबण

आमच्या लॉरेल रनच्या खोऱ्यात भविष्य सांगायला दोन प्रकारची माणसं येतात. एक चर्चचा पाद्री, तो रविवारी येतो. दुसरा गॅसवाला, तो केव्हाही उगवतो. गॅसचा भाव चढला की त्याच्या पांढऱ्या ट्रकला आमची वाट बरोबर सापडते, आणि भाव पडला की इकडे माणसं राहतात हेही तो विसरतो. माझ्या हयातीत असे बरेच चढउतार मी पाहिले. दर चढाला तो डोनटचा डबा घेऊन येतो आणि सांगतो की यंदाचं वेगळं आहे.

गेल्या चढाला आलेला पोरगा जरा बरा होता. ट्रेंट त्याचं नाव. माझी भावजय डेल्फिया, तिच्या स्वयंपाकघरात तो बसला होता. मी होते, आणि आमच्या धाकट्या भावाचा मुलगा कर्टिस होता. माझा थोरला भाऊ हार्लन, डेल्फियाचा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या वेस्ट व्हर्जिनियात जमिनीला दोन मालक असू शकतात, एक वरचा आणि एक खालचा. वरची जमीन, म्हणजे घर, डोंगरउतार आणि कुरण, एकट्या डेल्फियाची. खालच्या गॅसचा हक्क आम्हा तिघांचा. म्हणून तिघांना डोनट.

"यंदाचं वेगळं आहे, बाई," ट्रेंट म्हणाला. "आता गॅस जहाजात भरून समुद्रापार जातो. इकडे कॉम्प्युटरची गोदामं उभी राहतायत. त्यांना वीज लागते आणि विजेला गॅस. पुढची दोन-चार वर्षं सोन्याची आहेत. त्यानंतरचं मला नाही सांगता येणार."

"शेवटचं वाक्य खरं बोललास," मी म्हटलं.

कर्टिस शहरात विम्याचं काम करतो, त्यामुळे त्याला आकडे आवडतात. सहीचे किती, हिस्सा किती, कधीपासून, असं त्याचं सुरू झालं. डेल्फिया इतका वेळ खिडकीपाशी उभी होती. तिनं एकच विचारलं.

"माझं कुरण?"

"त्याला हात लागणार नाही. नव्या करारात तसं लिहून देऊ. आमचं यंत्र डोंगरापलीकडे राहील. खाली उतरायचं आणि मग आडवं भोक पाडत इकडे यायचं. वर तुम्हाला पत्ताही लागणार नाही."

"लिहून?"

"लिहून."

ती खुर्चीत बसली आणि तिनं पहिल्यांदा डोनट उचलला.

ते कुरण म्हणजे आमच्या अख्ख्या खोऱ्यातली एकमेव सपाट जागा. बाकी इथे सगळं तिरपं. आम्ही चालतोही तिरपे, असं शहरातले लोक म्हणतात. एका वर्षी ओढ्याला पूर आला आणि कुरणावर दगडच दगड पसरले. तेव्हा हार्लन आणि डेल्फियाचं नुकतंच लग्न झालेलं. दोघांनी दोन उन्हाळे ते दगड हातांनी वेचले, कडेला रचले, त्याची कंबरेएवढी भिंत झाली. आज त्या गवतात विळ्याला एक दगड लागत नाही. जूनमध्ये तिथे इतके काजवे असतात की डेल्फिया भांडी घासायची थांबते. मी तिला चिडवायची, अगं, तुझ्या घरातला टीव्ही बिघडलाय का? तिला चालायचं.

ट्रेंट कोर्टात जुने कागद बघायला गेला आणि दुसऱ्या आठवड्यात परत आला. या वेळी डोनट नव्हते.

"तुमच्या आजेसासऱ्यांनी गॅस कंपनीला करून दिलेला भाडेपट्टा अजून जिवंत आहे," तो डेल्फियाला म्हणाला. "वर डोंगरात ती जुनी विहीर आहे ना, ती गॅस देते तोवर तो पट्टा चालू. खाली कितीही खोल जा, सगळं त्यातच येतं. आणि पट्टा ज्याच्या हाती, तो यंत्र कुठेही उभं करू शकतो. त्या काळात कुणी कुरणबिरण लिहायचं नाही."

तो पट्टा फिरत फिरत एका लहानशा कंपनीकडे आला होता. त्यांनी जुन्या विहिरींचा ढीग एकगठ्ठा विकत घेतला होता आणि ढिगात काय आहे हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. आमच्या घराण्याला त्या पट्ट्यातून दोन गोष्टी मिळायच्या. एक म्हणजे वर्षातून एकदा चेक, ज्यात आम्ही तिघं मिळून एकदा पोटभर जेवू शकलो असतो. दुसरी म्हणजे डेल्फियाच्या घराला फुकट गॅस. विहिरीवरून एक नळी सरळ तिच्या शेगडीला आणि हीटरला यायची. हार्लनच्या आजीपासून त्या घरात कुणी गॅसचं बिल पाहिलेलं नाही.

"यातून सुटका?" कर्टिसनं विचारलं.

"एकच कलम आहे. विहिरीनं सलग वर्षभर गॅस दिला नाही, तर पट्टा आपोआप संपतो."

डेल्फिया शांतपणे म्हणाली, "ती तर सफरचंदं फुलली तेव्हापासून बंद आहे. माझी शेगडी पेटत नाही. मी इलेक्ट्रिक प्लेटवर स्वयंपाक करते. विहिरी राखणारा आमचा शेजारी डेन्झिल, त्याला सांगू सांगू म्हणत राहूनच गेलं."

ट्रेंटनं टोपी डोक्यावर घातली. "बाई, मी आज इथे आलोच नव्हतो. पुढची सफरचंदं फुलली की मला फोन करा."

गावातल्या वकीलबाईनंही तेच सांगितलं. विहिरीला हात लावू नका, बंद करायला नको आणि चालू करायलाही नको. फक्त तोंड बंद ठेवा. कंपनीला वास लागला तर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून ती विहीर जिवंत करतील, आणि मग तुमच्या मुलांच्या मुलांपर्यंत हाच पट्टा.

"आणि डेन्झिलला तर मुळीच सांगायचं नाही," परत येताना गाडीत कर्टिस म्हणाला. "तो जुना कंपनीचा माणूस. पेट्रोलपंपावर बसून सगळ्या खोऱ्याच्या विहिरींच्या तब्येती सांगत असतो."

"तो कुणाला सांगू नको म्हटलं की सांगत नाही," डेल्फिया म्हणाली.

"काकू, प्लीज. एक वर्ष."

तिनं मान हलवली. करारांबाबत आमच्याकडे सख्ख्या भावालाही कुणी काही सांगत नाही, ही रीतच आहे. शेजाऱ्याला जास्त पैसे मिळाले असले तर आपलं डोकं फिरतं, कमी मिळाले असले तर त्याचं. त्यामुळे तिचं गप्प राहणं कुणाला वावगं वाटण्यासारखं नव्हतं.

आता डेन्झिल स्टार्कीबद्दल सांगते. ओढ्यापलीकडे राहतो. डेल्फियाच्या वर्गात होता, तिच्या मागच्या बाकावर. जन्मभर विहिरी राखल्या. आमच्या डोंगरात जुन्या विहिरी जागोजाग आहेत, आणि त्यांचं माणसांसारखंच असतं. वय झालं की तळाशी पाणी साचतं, गॅस त्याखाली दबतो, विहीर गुदमरते. मग राखणदार वर चढतो आणि नळीतून साबणाची कांडी खाली सोडतो. कांडी म्हणजे चक्क साबणच, काठीसारखा. खाली त्याचा फेस होतो, पाणी हलकं होतं आणि गॅस ते वर ढकलून देतो. डेन्झिलनं हे काम इतकी वर्षं केलं की त्याच्या अंगाला कायम धुतल्या कपड्यांचा वास यायचा. बायको मॅक्सीन वारल्यावर तो फारसा बोलेनासा झाला. बोलायचा तो पंपावर, विहिरींबद्दल. आणि दर शनिवारी डेल्फियाच्या पडवीत येऊन काहीतरी दुरुस्त करायचा, जे मोडलेलं नसायचं.

"मॅक्सीन गेल्यापासून तुझ्या दाराची बिजागरी फार बिघडते गं," मी एकदा डेल्फियाला म्हटलं.

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली आणि लाल झाली. सत्तरी ओलांडलेली बाई.

हिवाळा आला. डेल्फियानं तळघरातला लाकडाचा स्टोव्ह वर आणवला. कर्टिसनं एक ट्रकभर लाकूड आणून ओतलं आणि शहरात निघून गेला. रचायचं, फोडायचं, आत न्यायचं, हे सगळं तिच्याच अंगावर. मी जमेल तेवढं केलं, पण माझे हात संधिवातानं वाकडे झालेत. खोलीच्या एका कोपऱ्यात भट्टी आणि दुसऱ्या कोपऱ्यात बर्फ, असा तो हिवाळा. ती कोट घालून जेवायची. एकदा मी म्हटलं, माझ्याकडे येऊन राहा. तर म्हणाली, "घर रिकामं राहिलं तर नळ गोठून फुटतील. थोडेच दिवस आहेत, ग्लेना. मग कुरण कायमचं माझं." हे सांगताना तिचे डोळे नव्या नवरीसारखे चमकत होते.

एका शनिवारी मी तिथे असताना डेन्झिल आला. पडवीतल्या लाकडाकडे बघितलं, धुराड्याकडे बघितलं.

"डेल्फी, गॅस गेलाय का?"

"छे. लाकडाची ऊब बरी वाटते मला. हाडांत जाते."

"तुझ्या ओठांचा रंग तसं सांगत नाही."

"माझ्या ओठांकडे बघायला तुला कुणी सांगितलं?"

तो हसला, पण फार नाही. माझ्याकडे वळून पाहिलं. मी विणकामात तोंड घातलं. आमच्याकडे माणूस मदत हवी म्हणून सांगत नाही आणि समोरचाही फार विचारत बसत नाही. तो निघून जातो आणि दोन दिवसांनी तुमच्या दारात फोडलेलं लाकूड असतं. त्या आठवड्यात तसं लाकूड आलंच. मी म्हटलं, चला, एवढ्यावर भागलं.

पण तेवढ्यावर भागलेलं नव्हतं. बर्फ वितळला, जंगलात रानलसूण वर आली. सफरचंदांना कळ्या धरायला लागल्या होत्या. डेल्फियानं कॅलेंडर कपाटाच्या आतल्या बाजूला लावलं होतं, रोज दार उघडून बघायची. अशा एका सकाळी आम्ही दोघी कॉफी घेत होतो आणि डेन्झिल आत आला. एका हातात रानलसणीची जुडी, दुसऱ्या हातात मोठा पाना. चेहरा असा की जणू पोराच्या शाळेचा निकाल लागलाय.

"डेल्फी, मागचा तो व्हॉल्व्ह उघड."

"कशाला?"

"उघड म्हणतो ना. गॅस आलाय."

डेल्फियानं कप खाली ठेवला.

"तुझी विहीर बुडाली होती," तो म्हणाला. "मला त्या दिवशीच कळलं. तू मला सांगणार नाहीस, तेही कळलं. म्हणून म्हटलं, न सांगताच करू. माझ्या शेडमध्ये कांड्या पडून होत्याच, संपल्या तेव्हा आणखी आणल्या. जानेवारीपासून चढतोय. कांडी सोडायची, तोंड बंद करायचं, फेस होऊ द्यायचा, मग उघडायचं. नुसतं पाणी. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. बया भलती हट्टी निघाली, अगदी तुझ्यासारखी."

"त्या उतारावर?" डेल्फियाचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बर्फात? तुझा गुडघा?"

"गुडघा जिथे होता तिथेच आहे."

मी मध्येच विचारलं, "कंपनीला माहीत आहे?" विचारताना मला वाटत होतं की हा नाही म्हणेल, हा नाही म्हणू दे.

"मीच फोन केला. नाहीतर विहीर मेली समजून डेल्फीची नळीच उपटून नेली असती त्यांनी. एक पोरगा येऊन गेला. मीटर फिरताना बघितलं, लिहून घेतलं. मला म्हणतो, आजोबा, नोकरी पाहिजे का?" तो एकटाच हसला. "बघतेस काय? पेटव की."

डेल्फिया उठली. मागच्या दारी गेली आणि व्हॉल्व्ह उघडून आली. काडी ओढली. शेगडीच्या कडेनं निळी ज्योत गोल पळाली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. मग तिनं तवा चढवला, बटाटे चिरले, रानलसूण चिरली, अंडी फोडली आणि डेन्झिलच्या पुढे ताट ठेवलं. तो जेवत होता तोवर ती त्याच्यासमोर बसली होती. तिनं त्याला दोनदा वाढलं. त्याचं लक्ष ताटात होतं म्हणून बरं, कारण तिच्या चेहऱ्याकडे माझ्याच्यानं बघवेना.

तो गेल्यावर मी म्हटलं, "सांग त्याला."

"काय सांगू?"

"खरं ते. थोडे दिवस उरले होते आणि या शहाण्यानं..."

"ग्लेना." ती ओट्याला धरून उभी होती. "हार्लन गेला तेव्हा सगळे म्हणाले, काही लागलं तर सांग. सगळे असंच म्हणतात. या माणसानं विचारलं, मी त्याच्या तोंडावर खोटं बोलले, आणि तरी हा वर गेला. रोज. माझ्या कुरणासाठी माझा जीव तुटतोय. आत्ता, या क्षणी तुटतोय. पण त्याला हे कळलं तर त्याचं काय होईल, सांग बरं?"

खरं सांगायचं तर मला आधी पैशाचंच वाईट वाटलं. नव्या करारात माझा हिस्सा चांगला होणार होता आणि मी मनातल्या मनात नवं छप्पर घातलंही होतं. डेन्झिलचा मला भयंकर राग आला. आणि त्याच वेळी ते बर्फातून लंगडत चढणारं म्हातारं डोळ्यांपुढून हलेना. राग धड पुरा येईना आणि जाईना.

कर्टिसला तिनं स्वतः फोन केला. मी शेजारीच होते. "थंडी सोसली नाही रे मला," ती म्हणाली. "मीच कंपनीला कळवलं." पलीकडून इतका आवाज आला की तिनं फोन कानापासून लांब धरला. मग बंद झाला. उन्हाळाभर कर्टिस फिरकला नाही. डेन्झिल मात्र शनिवारी येत राहिला, आणि दर थोड्या दिवसांनी खिशात कांडी घालून डोंगर चढत राहिला. विहिरीची तब्येत उत्तम होती.

कुरणातले काजवे त्या जूनमध्ये नेहमीसारखेच आले. डेल्फिया भांडी टाकून तिथेच बसून राहायची. मी तिला चिडवलं नाही.

मग व्हायचं ते झालं. त्या लहान कंपनीकडे विहीर चालू असल्याचा कागद होताच. एका मोठ्या कंपनीनं तो ढीग विकत घेतला, आणि त्यांना ढिगात काय आहे ते बरोबर माहीत होतं. ऑक्टोबरमध्ये मोजणीवाले आले. सपाट जागा एकच, त्यामुळे त्यांना फार फिरावं लागलं नाही. कुरणात ठिकठिकाणी खुंट्या ठोकल्या आणि त्यांना नारिंगी फिती बांधल्या. दगडांच्या भिंतीवरही एक फीत होती, म्हणजे तीही जाणार.

त्याच शनिवारी आमचं ॲपल बटर होतं. ते दर वर्षी डेल्फियाच्या अंगणात होतं. तांब्याची मोठी कढई, खाली लाकडं, आणि सफरचंदं आटून काळी होईपर्यंत लांब दांड्याच्या लाकडी पळीनं ढवळत राहायचं. एक क्षण थांबलं की खाली लागतं आणि सगळं वाया. ढवळायला डेन्झिल होता. तो मधूनमधून कुरणाकडे बघत होता. आम्ही दोघी बरण्या पुसत होतो.

कर्टिसची गाडी आली. तो उतरला आणि आधी कुरणाकडे बघत उभा राहिला.

"बघितलंस ना, काकू?"

"बघितलं."

"एक हिवाळा. एक हिवाळा तुला काढवला नाही. ती विहीर सफरचंद फुलेपर्यंत मेलेली राहिली असती तर पट्टा संपला होता. तुझं कुरण, आमचा हिस्सा, सगळं हातात होतं. आणि तू थंडी वाजली म्हणून कंपनीला फोन केलास!"

ढवळण्याचा आवाज थांबला.

डेन्झिल पळी धरून उभा होता. जन्मभर विहिरी राखलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. विहीर चालू तोवर पट्टा चालू, हे त्याला आमच्याआधीपासून ठाऊक होतं. फक्त त्या हिवाळ्यात त्यानं विहिरीकडे तसं पाहिलंच नव्हतं. त्याला एक शेगडी दिसत होती. त्यानं कर्टिसकडे बघितलं, खुंट्यांकडे बघितलं आणि मग डेल्फियाकडे. तोंड उघडलं.

"ढवळत राहा, डेन्झिल," डेल्फिया म्हणाली. "खाली लागेल."

"डेल्फी, फोन तर..."

"लागेल म्हणते ना खाली. ढवळ."

तो ढवळायला लागला. मान खाली घालून ढवळत राहिला, कर्टिस बोलबोल बोलून निघून जाईपर्यंत, बटर काळं होईपर्यंत. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत होते. धूर फार होता, असं आम्ही धरून चाललो. बरण्या भरून झाल्यावर तो आपली बरणी न घेताच गेला.

त्यानंतर त्याचं येणं बंद झालं. शनिवार सुने गेले. पंपावरही दिसेना. डेल्फियानं त्याची बरणी माझ्याकडून पाठवली, त्यानं घेतली, दार लावलं. तिकडे कुरणावर बुलडोझर आला, भिंतीचे दगड खाली भराव म्हणून घातले, वर खडी टाकली आणि तिच्यावर उंच यंत्र उभं राहिलं. घरघर दिवसरात्र चालू. डेल्फियानं स्वयंपाकघराच्या खिडकीला जाड पडदा शिवला.

पैसा आला. खोटं का बोलू, जुन्या हिश्शानंही भरपूर आला. माझ्या घराला छप्पर झालं. कर्टिसनं नवा ट्रक घेतला आणि त्या ट्रकमधून तो पुन्हा काकूला भेटायला यायला लागला, केक घेऊन. डेल्फियानं केक घेतला. तिच्या चेकचं तिनं काय केलं, मी विचारलं नाही.

ख्रिसमसच्या सुमाराला तिच्या शेगडीची ज्योत पिवळी झाली, मग बुटकी झाली, मग गेली. वरची जुनी विहीर पुन्हा गुदमरली होती. नव्या कंपनीला तिची गरज उरली नव्हती. त्यांचा पट्टा आता कुरणातल्या विहिरीवर चालत होता. डेन्झिल वर गेलाच नव्हता. डेल्फियानं लाकडाचा स्टोव्ह पुन्हा पेटवला. मला वाटलं, झालं, आता हे असंच राहणार.

जानेवारीत एका दुपारी तिचा फोन आला. "गाडी काढ. गावात जायचंय."

गावात गेलो तर ती गॅसच्या सामानाच्या दुकानात शिरली. बाहेर आली तेव्हा हातात साबणाच्या कांड्यांचं खोकं होतं. परत येताना म्हणाली, "डेन्झिलकडे घे."

त्यानं दार उघडलं तेव्हा त्याच्याकडे बघून मला धक्का बसला. कपडे सैल झाले होते, दाढी वाढली होती. खोकं बघून तो एक पाऊल मागे सरकला.

"नाही, डेल्फी. मी आता त्या विहिरीला हात लावणार नाही."

"माझी कॉफी होत नाही. लाकडावर तिला धुराची चव येते."

"मी तुझं कुरण घालवलं."

मला वाटलं, ती म्हणेल, नाही रे, तसं काही नाही. आमच्याकडे तसंच म्हणतात.

"हो," डेल्फिया म्हणाली. "घालवलंस. मी त्यासाठी रडले. अजूनही रडते. आणि मी तुझ्याशी खोटं बोलले नसते तर गेलं नसतं, म्हणजे अर्धं मीही घालवलं."

तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

"मला सांगितलं का नाहीस तेव्हाच? त्या पोरापुढे सगळं स्वतःवर घेतलंस."

"कारण कुरण गेलंच होतं. त्यापाठोपाठ तूही जायला नको होतास. आणि तू गेलासच, मूर्खा. महिनोन् महिने शनिवार आले आणि गेले, माझ्या दाराची बिजागरी खरंच मोडून पडलीय." तिनं खोकं त्याच्या छातीवर टेकवलं. "आता टाक साबण. हवा तेवढा टाक. आता माझं काही जायचं राहिलेलं नाही."

डेन्झिलनं खोकं घेतलं. मग खुंटीवरची टोपी काढली.

मी गाडीत बसून राहिले, हीटर लावून. माझे गुडघे काही कुणावर जीव टाकून बसलेले नाहीत. काचेतून दिसत होतं. पायवाट बर्फानं झाकली होती, आणि खाली कुरणावरच्या यंत्राची घरघर चालूच होती. ती पुढे होती, तो खोकं काखेत धरून लंगडत मागे. चढ सुरू झाला तिथे डेल्फियानं मागे न बघता एक हात मागे केला.

त्यानं तो लगेच धरला नाही. थांबला, खोकं दुसऱ्या काखेत घेतलं, आणि मग धरला.